कंबरेचा पट्टा

साहेबांनी दार लोटून घ्यायला सांगितलं, समोरची फाइल बाजूला केली आणि विचारलं, "म्हात्रे, तुम्ही घरी गाउन घालता का?"

पोलिसात वरिष्ठांनी मला बरेच प्रश्न विचारले होते. हा नव्हता. मी "हो सर" म्हटलं.

"मग गाउनमध्ये पिस्तूल कुठे ठेवाल?"

साहेब चेष्टा करत नव्हते. त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली.

मी तेव्हा हवालदार होते, वय पन्नास. आता निवृत्त आहे, म्हणून हे लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत.

फाइल एका खुनाची होती. भुईगावच्या बाजूला एका वाडीवाल्याला गल्लीत लोखंडी सळईने मारलं होतं. नायगावकडच्या खाडीच्या जमिनीवर भराव पडत होता, त्याविरुद्ध तो अर्ज करत असे. मारणारे दोघे पळून जाताना एकाच माणसाने पाहिले होते. लीना, मेलेल्या माणसाची शेजारीण. वय छत्तीस, एका खासगी ऑफिसात नोकरी. नवरा स्टॅन्ली बोटीवर. घरात ती आणि तिची सासू, दोघीच.

एक आरोपी आत होता, एक जामिनावर बाहेर. लीनाची साक्ष एकोणीस दिवसांवर आली होती. आदल्या आठवड्यात बस स्टॉपवर एक अनोळखी माणूस तिच्याजवळ येऊन उभा राहिला आणि नुसतं म्हणाला, "सासूबाईंना जपा." एवढंच. मग बस आल्यावर तो चढलाच नाही.

लीनाने संरक्षण मागितलं, पण एका अटीवर. सासूला काही कळता कामा नये. सासूबाईंचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. मेलेला शेजारी त्यांनी लहानपणापासून पाहिलेला, त्याच्या दुःखातून त्या उठल्या नव्हत्या. आपली सून साक्षीदार आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दारात युनिफॉर्मातला शिपाई बसला असता तर सगळंच बाहेर आलं असतं. म्हणून साहेबांनी ठरवलं होतं की नाक्यावर साध्या कपड्यातला एक शिपाई राहील आणि घरात मी. सासूबाईंची देखभाल करायला ब्युरोने पाठवलेली बाई म्हणून.

"आजारी माणसाचं करता येईल ना?" साहेबांनी विचारलं.

माझी आई चार वर्षं अंथरुणावर होती. मी म्हटलं, येईल.

आता पिस्तुलाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. आमचं नऊ एमएमचं पिस्तूल भरल्यावर जवळपास किलोभर होतं. युनिफॉर्ममध्ये त्याचं काही वाटत नाही. जाड पट्टा असतो, त्याला होल्स्टर असतं, म्हणजे पिस्तुलाचं म्यान. वजन पट्टा घेतो. पण हे सगळं पुरुषाच्या पँटकडे बघून बनवलेलं आहे. बाईच्या रोजच्या कपड्यांना पट्टाच नसतो.

मला दोन दिवस मिळाले. मी घरी आरशासमोर एकेक कपडा घालून बघितला. जीन्स आणि वर कुर्ता, हे सगळ्यात सोपं. पँटच्या आत होल्स्टर, वर कुर्ता, हात घातला की पिस्तूल बाहेर. पण पन्नाशीची ब्युरोची बाई रोज जीन्स घालून आजीचं करायला कुठे येते? सलवारीला नाडी असते. नाडीवर किलोभर वजन टाकलं की दहा पावलांत सलवार खाली येते. साडीत लपतं छान. पदराखाली डाव्या कंबरेवर काय आहे ते कुणाला दिसत नाही. पण निऱ्या आणि परकर यांच्यात ते हलतं, आणि पदराला पिन लावली तर हात आत जात नाही, नाही लावली तर वाकल्यावर पदरच खाली.

राहिला गाउन. त्याला कंबरच नाही. पिस्तूल काढायचं तर गाउन वर उचलायला हवा, आणि तोवर समोरचा माणूस थांबणार नाही.

वसई गावात दप्तरं शिवणारा एक माणूस होता. त्याच्याकडून मी कॅनव्हासचा रुंद पट्टा शिवून घेतला, पोटाला आवळून बसणारा, डावीकडे जाड कप्पा. कप्प्यात काय ठेवणार ते त्याने विचारलं, मी मोबाइल आणि पैसे म्हटलं. पट्टा सलवारीखाली चालला, साडीखाली परकरावर चालला. गाउनसाठी मी वेगळंच केलं. गाउनला बाजूला खिसा असतो. आतली पिशवी कापून टाकली. बाहेरून खिसा, आत नुसतं भोक. खिशात हात घातला की हात थेट पट्ट्यापर्यंत. तीन गाउन असे केले, ढगळ, फुलाफुलांचे. गडद फुलांच्या कापडावर आकार दिसत नाही, एकरंगी कापडावर दिसतो. या आकार दिसण्याला आम्ही प्रिंटिंग म्हणतो.

आणि एक पर्याय होता तो पर्सचा. पिस्तूल पर्समध्ये टाकायचं, खांद्याला लावायची. कुठल्याही कपड्यावर चालतं. साहेब म्हणाले, "पर्स नको. पर्स बाई खाली ठेवते." मी म्हटलं, बरोबर आहे सर.

तेरेजा आजी ऐंशीच्या पुढच्या. बारीक, गोऱ्या, कानांत जुन्या पद्धतीचं सोनं. लीनाशी त्या घरची बोली बोलायच्या, ती मला निम्मी कळायची. माझ्याशी शाळेतली मराठी. पहिल्याच सकाळी मी विचारलं, "आजी, गरम पानी देऊ का?" त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"आगरी का गं तू?"

मी हो म्हटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी 'पाणी' म्हणायला शिकले होते, त्या घरात पाय ठेवल्यावर पुन्हा 'पानी' झालं. आजींना बरं वाटलं. त्यांच्या लहानपणी आमच्या बाजूच्या बाया डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन यायच्या आणि जाताना केळी न्यायच्या, ते त्यांनी मला सांगितलं. पुढे रोज काहीतरी सांगत राहिल्या. सुकेळी कशी वाळवायची, कुठलं केळं त्याला चालतं, कुठलं नाही. मी ऐकायचे आणि खिडकीतून गल्लीवर नजर ठेवायचे. सुरुवातीला नुसती नजर ठेवायचे. मग ऐकूही लागले.

रविवारी लीना चर्चमध्ये मिस्साला जायची, मी साडी नेसून बरोबर. नाक्यावरचा शिपाई तेवढा वेळ घराशी येऊन बसायचा, केळीचा व्यापारी म्हणून. एकदा फादर घरी आले आजींना कम्युनियन, म्हणजे चर्चमधला प्रसाद, द्यायला. सगळे गुडघ्यावर बसले, मीही बसले. गुडघ्यावर बसलं की पिस्तुलाची मूठ बरगडीत रुतते. मी तशीच बसून राहिले.

अडचण आली ती आंघोळीला.

त्या घराच्या मागे पडवी होती, पडवीच्या एका टोकाला न्हाणी. अर्धी भिंत आणि पुढे पडदा. आजी खुर्चीत बसून आंघोळ करायच्या, पण अंग पुसायला त्यांना उभं करावं लागे. पायांत जोर नव्हता. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर टाकून, सगळा भार माझ्यावर देऊन त्या उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांचं पोट माझ्या कंबरेला लागलं.

"हे काय गं कडक?"

"पट्टा आहे आजी. कंबर दुखते माझी."

खोटं लगेच सुचलं. पोलिसाला सुचतं. पण मी आजींचा स्वभाव हिशेबात घेतला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्यावर भार टाकेनात. कंबर दुखणाऱ्या बाईला कशाला त्रास, म्हणून भिंतीला धरून स्वतःच उठायला बघायच्या. दोनदा घसरल्या. दोन्ही वेळा मी धरलं. मी सांगून पाहिलं की आता बरी आहे. तर म्हणाल्या, "बरी आहेस तर पट्टा कशाला बांधतेस?"

म्हणून मी आंघोळीपुरता पट्टा काढायला लागले. पिस्तूल कापडी पिशवीत, पिशवीला चेन, पिशवी स्वयंपाकघराच्या दाराच्या खिळ्याला. न्हाणीपासून पडवीभर अंतर, फार नाही. दहा-बारा मिनिटांचा प्रश्न. पुन्हा कंबर मोकळी बघून आजी निर्धास्तपणे माझ्या गळ्यात हात टाकायला लागल्या. हे मी रोजच्या रिपोर्टमध्ये लिहिलं नाही. साहेबांनाही सांगितलं नाही. मला ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

साक्षीला पाच दिवस राहिले होते. सकाळी नऊची वेळ. लीनाने साक्ष होईपर्यंत रजाच टाकली होती. ती पडवीत पाटावर बसून वाल सोलत होती. आत मी आजींना पुसत होते, त्यांचे हात माझ्या खांद्यांवर. मागच्या वाडीत केळीची सुकलेली पानं वाजली. मला वाटलं कुत्रं. मग लीनाचा आवाज आला, "कोण पाहिजे?" आणि लगेच ताट पडलं.

मी पडदा सारला. दोघेजण विहिरीच्या बाजूने आत आले होते. एकाच्या हातात कोयता होता. लीना उठायच्या आधीच त्याने हात उचलला होता.

पिस्तूल माझ्या कंबरेवर असतं तर मी एका हाताने आजींना धरून दुसऱ्या हाताने ते काढलं असतं. गोळी आत आणि सेफ्टी लावून ठेवायची लेखी परवानगी साहेबांनी दिली होती. पडद्यातून ते दोघे समोर दिसत होते. बहुतेक मला गोळी झाडावीही लागली नसती.

मी म्हटलं, "आजी, भिंत धरा." आणि सोडलं.

पळत पडवी ओलांडली. पिशवीला हात घातला. हात साबणाचे, चेन अडकली. मी ती फाडली. पिस्तूल बाहेर आलं, मी "पोलीस" म्हणून ओरडले आणि नेम धरला. पिस्तूल बघताच दोघे वळले आणि वाडीतून पळाले. एकाला नाक्यावरच्या शिपायाने आणि गावकऱ्यांनी बांधावर धरलं. दुसरा दोन दिवसांनी सापडला. लीनाने दंड आडवा धरला होता, त्याच्यावर घाव लागला होता, खोल. पण ती बसलेली होती, शुद्धीत होती, माझ्याकडे बघत होती.

मग मला न्हाणीतला आवाज आठवला. तो मी चेन फाडताना ऐकला होता.

आजी फरशीवर आडव्या होत्या. मांडीचं हाड मोडलं होतं आणि डोक्याला मागे लागलं होतं. ओरडल्या नव्हत्या. मी गेले तर म्हणाल्या, "आधी मला काही घाल अंगावर." मी गाउन काढून त्यांच्यावर घातला, आत माझ्या अंगात कुर्ती होती.

हॉस्पिटलमध्ये आजींना सांगण्यात आलं की चोर आले होते, लीनाला थोडं लागलं. माझं "पोलीस" ओरडणं त्यांना मदतीची हाक वाटली होती, म्हणून त्यांना ते पटलं. त्यांचे नातेवाईक जमले. आजींचे एक चुलत दीर होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. वॉर्डच्या दारात त्यांनी मला गाठलं आणि चांगलंच सुनावलं. एवढे पैसे घेता, म्हातारीला धरता येत नाही? ब्युरोच्या बायका सगळ्या सारख्या. मी ऐकून घेतलं.

आजींनी आतून ऐकलं. मला आणि त्यांना जवळ बोलावलं. आवाज अगदी खाली गेला होता.

"तिला बोलू नका," त्या दिरांना म्हणाल्या. "तिची कंबर दुखते. पट्टा बांधून काम करते बिचारी. त्या दिवशी पट्टा नव्हता बांधलेला, म्हणून तिच्याने मला सावरवलं नाही."

आणि मला म्हणाल्या, "पट्टा काढत जाऊ नकोस."

मी हो म्हटलं. त्या वेळी तो माझ्या कंबरेवर होता, पिस्तुलासकट, साडीखाली. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि मी खरं सांगायला तोंड उघडलं. मग लीनाकडे बघितलं. तिने मान हलवली, नको. मी गप्प राहिले. ते चूक केलं की बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी आजी गेल्या. डोक्यातल्या रक्तस्रावाने, असं डॉक्टर म्हणाले. स्टॅन्ली विमानाने आला, चौथ्या दिवशी माती झाली. कबरीपाशी मी लांब उभी होते, ड्यूटीवरच. घरी परतल्यावर लीना ओट्यावर माझ्यापाशी आली.

"तुम्ही त्यांना सोडलं नसतं तर मी गेले असते," ती म्हणाली. "ते मला कळतं, ताई. पण आत्ता मला तुमच्याकडे बघवत नाही. उद्या कोर्टात दुसरं कोणी येऊ शकेल का?"

मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, तारीख वाढवून घेऊ, सरकारी वकिलांशी बोलतो. लीनाने ते मानलं नाही. उद्या नाही गेले तर पुन्हा कधी जाणार नाही, म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती पांढरी साडी नेसून, हात गळ्यात बांधून कोर्टात उभी राहिली. तिच्या बरोबर दुसरी एक पोलीस शिपाई मुलगी होती. मी आवाराच्या बाहेर गाडीत बसले होते. लीनाने खुनातल्या दोन्ही आरोपींना ओळखलं. उलटतपासणीत तिला तीन तास उभं केलं, तरी ती हलली नाही, असं नंतर कळलं. पुढे त्या केसमध्ये शिक्षा झाली.

माझी चौकशी झाली. ती व्हायलाच हवी होती. चौकशी करणारे अधिकारी सभ्य होते. त्यांनी मला पडवीचं अंतर मोजून तेच पुन्हा करून दाखवायला सांगितलं. ओले हात, पिशवी, चेन. त्यांनी घड्याळ लावलं. सात सेकंद. मग पट्टा बांधून, गाउनच्या कापलेल्या खिशातून. दोन सेकंद, एका हाताने.

"शस्त्र अंगावर का नव्हतं?" त्यांनी विचारलं.

मी जे होतं ते सांगितलं. आजींना टोचत होतं, त्या माझ्या कंबरेची काळजी करत होत्या, म्हणून. त्यांनी ते लिहून घेतलं. लिहिताना दोनदा थांबले. शेवटी मला लेखी समज मिळाली, आणि त्याच महिन्यात साक्षीदाराचा जीव वाचवल्याबद्दल प्रशस्तिपत्रही. दोन्ही कागद माझ्याकडे आहेत. दोन्ही बरोबर आहेत असं मला वाटतं.

लीना आणि स्टॅन्ली वर्षभराने परदेशी गेले. वाडी त्यांनी आजींच्या त्या चुलत दिरांकडे दिली. जाण्याआधी लीनाने पोलीस ठाण्यात येऊन माझ्यासाठी एक डबा ठेवला. मी त्या वेळी बाहेर होते. डब्यात सुकेळी होती. चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

निवृत्तीनंतर मला अधूनमधून नवीन मुलींपुढे बोलायला बोलावतात. साध्या कपड्यांतल्या ड्यूटीवर. मी त्यांना जीन्सचं सांगते, सलवारीच्या नाडीचं सांगते, साडीच्या पिनेचं सांगते, गाउनचा खिसा कसा कापायचा ते दाखवते. पर्सचं सांगते. आणि सांगते की शस्त्र घेऊन ज्या घरात जाल तिथे दोन्ही हात लागणारं काम अंगावर घेऊ नका. घ्यावंच लागलं तर पिस्तूल उतरवू नका, समोरच्याला टोचलं तरी चालेल. आणि उतरवावं लागलंच तर त्याच दिवशी साहेबांना सांगा, तुम्हाला ते क्षुल्लक वाटलं तरी. मी सांगितलं असतं तर साहेबांनी खरोखरची एक नर्स दिली असती. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

मागच्या खेपेला विरारची एक मुलगी होती, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. तिने विचारलं, "मॅडम, त्या आजींनी तुम्हाला माफ केलं का?"

मी म्हटलं, "माफ करण्यासारखं काही झालंय, हेच त्यांना कळलं नाही."

मी तिला पट्टा बांधला, वरून गाउन घालायला दिला आणि घड्याळ लावलं. पहिल्यांदा पाच सेकंद लागले. मी म्हटलं, पुन्हा करा.